तिकीट पक्षाचं, मत कुणाचं? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेनं निवडणुकीची यंत्रणा कशी बदलली

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे पहिली चर्चा तिकिटाची. अमक्याचं तिकीट कापलं, तमक्याला मिळालं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत हे तिकीट म्हणजे खरोखरचा कागद होता. सरकार मतपत्रिका छापतच नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची यादी स्वतःच्या खर्चानं छापून घेई आणि मतदान केंद्राबाहेर उभे असलेले कार्यकर्ते ती मतदाराच्या हातात ठेवत. मतदार ती सगळ्यांदेखत पेटीत टाकी. वरच्या पदापासून गावच्या अधिकाऱ्यापर्यंत सगळी नावं एकाच लांब पट्टीवर असत. एखादं नाव पटलं नाही तर ते खोडून दुसरं लिहावं लागे किंवा वर चिठ्ठी चिकटवावी लागे. कागदाचा रंग आणि आकार पक्षापक्षानुसार वेगळा असल्यामुळे कुणी कुणाला मत दिलं हे लांबूनही कळे. मतासाठी पैसे मोजणाऱ्याला आपला पैसा वाया गेला नाही याची खात्री जागच्या जागी होई. कारखान्याच्या मुकादमालाही आपल्या हाताखालची माणसं कुठे गेली ते दिसे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी सुधारणांबद्दल वाचताना बहुधा राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे कायदे समोर येतात: १९०६ चा अन्न आणि औषध शुद्धतेचा कायदा, १९१३ ची फेडरल रिझर्व्ह बँक, १९१४ चा व्यापार आयोग. ते महत्त्वाचे आहेतच. पण त्यांच्या बुडाशी आणखी एक बदल होता. मतपत्रिका कोण छापणार, तिच्यावरची नावं कोण ठरवणार आणि निवडून आलेल्याला जाब कोण विचारणार, हे नियमच या काळात नव्यानं लिहिले गेले. हे काम राजधानीत कमी आणि राज्यांत जास्त झालं. म्हणून त्या कागदाचाच माग काढत जाऊ.

छापखाना सरकारकडे आला

१८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं संपूर्ण राज्यासाठी नवी पद्धत स्वीकारली. मतपत्रिका सरकारी खर्चानं छापायची, तिच्यावर सगळ्या पक्षांच्या उमेदवारांची नावं घालायची, ती फक्त केंद्राच्या आतच द्यायची आणि आडोशाला जाऊन भरायची. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत १८५६ मध्ये सुरू झाली होती, म्हणून अमेरिकेत तिला ऑस्ट्रेलियन मतपत्रिका म्हणू लागले. पुढच्या चार-पाच वर्षांत बहुतेक राज्यांनी ती उचलली. मत गुप्त झाल्यामुळे विकत घेतलेलं मत प्रत्यक्षात पडलं की नाही, हे तपासायची सोय राहिली नाही.

पण या बदलानं दोन नवे प्रश्न उभे केले. जुना रंगीत कागद निरक्षर माणूसही ओळखायचा. नव्या मतपत्रिकेवर डझनावारी नावं वाचून खुणा करायच्या होत्या. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना आणि गरीब गोऱ्यांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी याचा जाणूनबुजून वापर झाला. ज्या आडोशानं एका मतदाराला धाकातून सोडवलं, त्याच आडोशाआड दुसरा अडकला. ही बाजू न सांगता या सुधारणेचं कौतुक करणं मला अर्धवट वाटतं.

दुसरा प्रश्न कायद्याचा होता. सरकार मतपत्रिका छापणार म्हटल्यावर कुठल्या पक्षाचा उमेदवार अधिकृत हेही सरकारलाच ठरवावं लागलं. तोवर पक्ष ही खासगी मंडळी होती. ती आपला उमेदवार कसा निवडतात याच्याशी कायद्याला देणंघेणं नव्हतं. आता ते कायद्याच्या कक्षेत आलं.

उमेदवार कोण निवडणार?

जुनी रीत अशी: वॉर्डातले पक्षसदस्य एकत्र जमून प्रतिनिधी निवडत, ते प्रतिनिधी काउंटीच्या, म्हणजे साधारण जिल्ह्याच्या अधिवेशनाला जात, आणि तिथून निवडलेले प्रतिनिधी राज्याच्या अधिवेशनात उमेदवार ठरवत. कागदावर ही व्यवस्था तळातून वर जाणारी होती. मात्र वॉर्डाची बैठक कधी आणि कुठे होणार हे ठरावीक लोकांनाच कळे. ती दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीतही भरे आणि पंधरा-वीस माणसांत उरके. तळाची बैठक हातात असली की वरची सगळी साखळी हातात येई. रेल्वे कंपन्या अधिवेशनाला जाणाऱ्या प्रतिनिधींना आणि आमदारांना फुकट प्रवासाचे पास वाटत. ज्यांच्यावर भाडेदराचे कायदे करायचे, त्यांच्याच गाडीतून कायदे करणारे फिरत.

विस्कॉन्सिनमधल्या रॉबर्ट ला फॉलेट यांना १८९६ आणि १८९८ अशा दोन वेळा रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात राज्यपालपदाची उमेदवारी नाकारली गेली. (अमेरिकेत राज्यपाल जनता निवडते. आपल्या मुख्यमंत्र्यासारखं ते राज्याच्या कारभाराचं खरं पद असतं.) १९०० मध्ये ते निवडून आले आणि त्यांनी प्राथमिक निवडणुकीचा कायदा रेटला. विधिमंडळानं तो जनमताची अट घालून मंजूर केला, नोव्हेंबर १९०४ मध्ये मतदारांनी त्याला पसंती दिली आणि १९०६ मध्ये तो पहिल्यांदा वापरात आला. सरकारी यंत्रणा, सरकारी मतपत्रिका, गुप्त मतदान हे सगळं आता उमेदवार ठरवण्यासाठीही लागू झालं. पक्षातल्या इच्छुकांपैकी ज्याला सर्वाधिक मतं, तो पक्षाचा उमेदवार.

अडचण इथेही आलीच. इच्छुक सहा असले तर पाव मतं मिळवणाराही जिंकू शकतो. शिवाय उमेदवाराला वर्षात दोन निवडणुका लढवाव्या लागतात, आणि पहिलीत पक्षाची यंत्रणा पाठीशी नसल्यानं पैसा स्वतः उभा करावा लागतो. पक्षनेत्याचं वजन घटलं, देणगीदाराचं वाढलं. दक्षिणेत तर याहून वाईट घडलं. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाला आव्हानच नव्हतं, म्हणून प्राथमिक फेरी हीच खरी निवडणूक. पक्षानं ती फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवली आणि आपण खासगी संस्था असल्याचा दावा केला. ही ‘गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक’ सर्वोच्च न्यायालयानं टेक्सासच्या खटल्यात १९४४ मध्ये मोडीत काढली.

ऑरेगॉनचा प्रयोग

सगळ्यात लांबवर गेला तो पश्चिम किनाऱ्यावरचा ऑरेगॉन. तिथे काय बिघडलं होतं ते पाहू.

त्या काळी सिनेटर राज्याचं विधिमंडळ निवडत असे, जसे आजही राज्यसभेचे खासदार आपले आमदार निवडतात. जानेवारी १८९७ मध्ये ऑरेगॉनचं विधिमंडळ भरलं तेव्हा जॉन मिचेल यांना पुन्हा सिनेटवर पाठवायचं की नाही यावरून असा पेच पडला की कनिष्ठ सभागृहाची रीतसर स्थापनाच होऊ शकली नाही. संपूर्ण अधिवेशनात एकही कायदा झाला नाही. सिनेटची जागा दीड वर्षाहून जास्त काळ रिकामी राहिली. एका जागेच्या सौद्यासाठी राज्याचा कारभार अडला.

विल्यम यू'रेन तेव्हा तिथे आमदार होते. आधी लोहारकाम केलेला हा वकील त्या अडवणुकीत स्वतः सामील होता, आणि विधिमंडळाला बगल देणारा रस्ता बांधण्यात पुढाकारही त्यांचाच. त्यांनी शेतकरी संघटना, कामगार संघटना, वकील, बँकवाले अशा एकमेकांशी न पटणाऱ्या गटांना एकाच मागणीवर आणलं. लागोपाठ दोन विधिमंडळांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि जून १९०२ मध्ये ती मतदारांपुढे गेली. बाजूनं ६२,०२४ मतं, विरोधात ५,६६८. साउथ डकोटानं १८९८ मध्येच अशी तरतूद केली होती, पण ती रोजच्या वापरात आणली ऑरेगॉननं, म्हणून या पद्धतीला ‘ऑरेगॉन पद्धत’ असंच नाव पडलं.

तिच्यात दोन हत्यारं होती. पहिलं लोकांनी स्वतः कायदा मांडण्याचं. कायद्याचा पूर्ण मसुदा लिहायचा, आधीच्या निवडणुकीतल्या ठरावीक मतांच्या ८ टक्के इतक्या मतदारांच्या सह्या गोळा करायच्या आणि निवडणुकीच्या निदान ४ महिने आधी तो अर्ज राज्याच्या सचिवाकडे द्यायचा. मतदानात साधं बहुमत मिळालं की कायदा झाला. त्यावर राज्यपालाला नकाराधिकार नाही. दुसरं हत्यार सार्वमताचं. विधिमंडळानं केलेला कायदा नको असेल तर अधिवेशन संपल्यापासून ९० दिवसांत ५ टक्के सह्या द्यायच्या. मग तो कायदा मतदान होईपर्यंत थांबतो. यात एक पळवाट होती. सार्वजनिक शांतता, आरोग्य किंवा सुरक्षिततेसाठी तातडीनं लागणाऱ्या कायद्यांवर सार्वमत मागता येत नसे. मग विधिमंडळं साध्यासुध्या कायद्यालाही ‘तातडीचा’ शिक्का मारू लागली. सार्वमत स्वीकारलेल्या इतर राज्यांतही हे घडलं.

लोकांनी हे हत्यार लगेच उचललं. १९०४ मध्ये त्यांनी प्राथमिक निवडणुकीचा कायदा स्वतःच केला. १९०६ मध्ये टेलिफोन आणि तार कंपन्यांच्या एकूण उत्पन्नावर २ टक्के कर बसवला. पॅसिफिक स्टेट्स टेलिफोन कंपनी न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं की संघराज्याची घटना प्रत्येक राज्याला प्रजासत्ताक पद्धतीच्या सरकारची हमी देते, आणि लोकांनी थेट कायदे करणं त्यात बसत नाही. १९१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न राजकीय आहे, तो काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं ठरवावा, असं म्हणून खटल्यात शिरायला नकार दिला. त्या निकालामुळे ही पद्धत टिकली.

स्त्रियांच्या मताधिकाराची गोष्ट मात्र थेट लोकशाहीच्या भाबड्या समर्थकांनी नीट वाचावी अशी आहे. ऑरेगॉनच्या मतदारांनी, म्हणजे पुरुषांनी, हा प्रस्ताव १९०६, १९०८ आणि १९१० अशा तीन निवडणुकांत फेटाळला. १९१२ मध्ये तो एकदाचा मंजूर झाला. ज्यांच्याकडे हक्क आहे त्यांनाच तो वाटून घ्यायला सांगितलं की उत्तर सहजासहजी ‘हो’ येत नाही. पण दर दोन वर्षांनी प्रश्न पुन्हा विचारता येत होता म्हणूनच चळवळ धरून राहू शकली, हेही खरं.

प्रत्यक्ष कामात चार गोष्टी खटकल्या. सह्या सुरू झाल्या की मसुद्यातला स्वल्पविरामही हलवता येत नाही. विधिमंडळात विधेयक समितीत घासूनपुसून निघतं, इथे पहिल्या दिवशीची चूक शेवटपर्यंत राहते. सह्या गोळा करणाऱ्यांना दर सहीमागे पैसे मिळू लागले, आणि त्याबरोबर खोट्या सह्याही आल्या. श्रीमंत कंपनीलाही सह्या विकत घेता येतात, त्यामुळे हे हत्यार ज्यांच्याविरुद्ध घडवलं त्यांच्याही हाती गेलं. आणि मतपत्रिका लांबत गेली: १९१२ मध्ये ऑरेगॉनच्या मतदारापुढे ३७ प्रस्ताव होते. माहितीसाठी राज्य प्रत्येक प्रस्तावाचा मजकूर आणि त्याच्या बाजूचे व विरोधातले युक्तिवाद छापून मतदारांना पुस्तिका पाठवू लागलं. कल्पना फार चांगली, पण दिवसभर शेतात राबून आलेला माणूस असे ३७ मजकूर कधी वाचणार?

सिनेटर थेट लोकांचा

सिनेटर निवडण्याचा अधिकार संघराज्याच्या घटनेनं विधिमंडळाला दिलेला होता. राज्याच्या कायद्यानं तो काढता येत नव्हता. ऑरेगॉननं घटनेला हात न लावता वाट काढली. विधिमंडळाच्या उमेदवारांपुढे दोन निवेदनं ठेवली. क्रमांक १ वर सही म्हणजे ‘लोकांनी ज्याला जास्त मतं दिली त्यालाच मी सिनेटर म्हणून मत देईन, तो कुठल्याही पक्षाचा असो’. क्रमांक २ म्हणजे ‘लोकांचं मत ही माझ्यासाठी फक्त शिफारस’. सही ऐच्छिक होती, पण पहिल्यावर सही न करणाऱ्याला मतदार गाठत. कसोटी लवकरच आली. लोकांच्या मतदानात डेमोक्रॅट जॉर्ज चेंबरलेन पुढे राहिले. विधिमंडळात मोठं बहुमत रिपब्लिकनांचं. तरी सह्या केलेल्या रिपब्लिकन आमदारांनी १९०९ मध्ये शब्द पाळून विरोधी पक्षाच्या माणसाला सिनेटवर पाठवलं. सगळ्या सुधारणांच्या इतिहासात मला हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो.

बाकी राज्यांत चित्र वेगळं होतं. डेलावेअरच्या विधिमंडळात भांडण इतकं विकोपाला गेलं की १९०१ ते १९०३ या काळात त्या राज्याचा एकही सिनेटर नव्हता. मोंटानाचे तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांच्यावर आमदार विकत घेतल्याचा ठपका आला आणि १९०० मध्ये त्यांना जागा सोडावी लागली. इलिनॉयचे विल्यम लॉरिमर यांची निवड लाचखोरीमुळे सिनेटनं जुलै १९१२ मध्ये रद्द ठरवली. दुसरीकडे राज्यं घटना परिषदेची मागणी करत होती. दोन तृतीयांश राज्यांनी मागणी केली तर परिषद बोलावणं भाग होतं आणि ती आणखी काय काय बदलेल याचा नेम नव्हता. शेवटी मे १९१२ मध्ये काँग्रेसनं सतरावी घटनादुरुस्ती राज्यांकडे पाठवली आणि ८ एप्रिल १९१३ रोजी पुरेशा राज्यांची संमती मिळाली.

त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सोळाव्या दुरुस्तीनं संघराज्याला आयकराचा अधिकार मिळाला होता. पहिला दर ३,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला १ टक्का. अधिभार धरून सर्वांत श्रीमंतांना ७ टक्के. प्रत्यक्ष कायदा ऑक्टोबरात झाला, आणि त्याआधी जुलैत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले होते. तिथले त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे आयकराचे अमेरिकेतले अग्रगण्य अभ्यासक आणि खंदे पुरस्कर्ते होते. पुढे ब्रिटिश भारताच्या केंद्रीय आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवर संशोधन करणारा हा विद्यार्थी करआकारणीच्या अशा बदलाच्या ऐन मध्यावर शिकत होता.

मुदतीआधी घरी पाठवणं

प्रतिनिधी परत बोलावण्याचा हक्क आधी लॉस एंजेलिस शहरानं १९०३ मध्ये घेतला आणि पुढच्याच वर्षी एका नगरसेवकावर वापरला. ऑरेगॉननं तो १९०८ मध्ये आणला. कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक रेल्वेला राजकारणातून हाकलण्याचं वचन देऊन हायरम जॉन्सन राज्यपाल झाले आणि १० ऑक्टोबर १९११ रोजी मतदारांपुढे एकदम २३ घटनादुरुस्त्या आल्या. २२ मंजूर झाल्या. त्यात लोककायदा, सार्वमत, परत बोलावणं आणि स्त्रियांचा मताधिकार होता. शेवटचा फक्त ३,५८७ मतांनी.

राज्यपालाला परत बोलावण्यासाठी तिथे आधीच्या निवडणुकीतल्या मतांच्या १२ टक्के सह्या लागतात. एकाच दिवशी दोन प्रश्न विचारले जातात: याला काढायचं का, आणि काढलं तर जागी कोण? गोम इथेच आहे. पहिल्या प्रश्नाला निम्म्याहून जास्त मतं लागतात, दुसऱ्याला नाही. त्यामुळे ४९ टक्के पाठिंबा असलेला माणूस जातो आणि त्याहून कमी मतांचा येऊ शकतो. २००३ मध्ये ग्रे डेव्हिस यांना काढलं गेलं तेव्हा दुसऱ्या प्रश्नाखाली १३५ उमेदवार होते.

न्यायाधीशांनाही असं परत बोलवावं का, यावर खूप वाद झाला. अ‍ॅरिझोनानं आपल्या घटनेत ती तरतूद घातली म्हणून राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी ऑगस्ट १९११ मध्ये त्या राज्याच्या प्रवेशाचा ठराव नाकारला. लोकक्षोभाला घाबरणारा न्यायाधीश अल्पसंख्याकांचं रक्षण करू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा वजनदार होता. अ‍ॅरिझोनानं कलम काढलं, १४ फेब्रुवारी १९१२ रोजी राज्य म्हणून प्रवेश मिळवला, आणि त्याच नोव्हेंबरात मतदारांनी ते कलम परत घातलं.

शहरांचं काय झालं

८ सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळात टेक्सासचं गॅल्व्हेस्टन शहर उद्ध्वस्त झालं, हजारो माणसं मेली. पुनर्बांधणीसाठी जुन्या नगरपरिषदेऐवजी पाच जणांचं आयोग नेमलं गेलं. प्रत्येकाकडे एकेक खातं. पद्धत देशभर पसरली आणि लवकरच तिची खोट दिसली. पाच खाती म्हणजे पाच संस्थानं. कुणी कुणाच्या अंदाजपत्रकाला हात लावत नाही आणि सगळ्यांची मिळून जबाबदारी कुणाचीच नाही. म्हणून ओहायोतल्या डेटन शहरानं १९१३ च्या महापुरानंतर वेगळी घडी बसवली: निवडून आलेली छोटी परिषद धोरण ठरवते आणि पगारी, प्रशिक्षित व्यवस्थापक कारभार पाहतो. आजही अमेरिकेतली पुष्कळ शहरं याच घडीवर चालतात.

मात्र या बदलांबरोबर अनेक ठिकाणी वॉर्ड मोडून संपूर्ण शहरातून नगरसेवक निवडण्याची पद्धत आली. वॉर्डाचा जुना पुढारी भ्रष्ट असेल, पण आयर्लंड, इटली, पोलंडहून आलेल्या गरीब मजुराला तो नोकरी मिळवून देई, हिवाळ्यात कोळसा पाठवी. त्याची जागा व्यापारी मंडळींच्या उमेदवारांनी घेतली आणि त्या मजुराच्या वस्तीतून कुणीच परिषदेवर जाईनासं झालं.

मतदानाचे आकडे यासोबत ठेवावे लागतात. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत १८९६ मध्ये सुमारे ७९ टक्के मतदान झालं होतं. १९२० मध्ये ते ४९ टक्क्यांच्या आसपास आलं. याला केवळ सुधारणा कारणीभूत नाहीत. १९२० मध्ये पहिल्यांदाच देशभरातल्या स्त्रिया मतदार झाल्या होत्या आणि अनेक राज्यांत खरी चुरस उरली नव्हती. पण नोंदणीचे कडक नियम आणि लांबलेली मतपत्रिका यांचा वाटा होताच. दक्षिणेत तर हेतूच तो होता. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय नोंदणीकृत मतदार होते. साक्षरतेची आणि मालमत्तेची अट, मतदानकर हे सगळं लागू झाल्यावर १९०४ मध्ये १,३४२ उरले. त्या कायद्यांनाही त्या काळी ‘निवडणूक स्वच्छ करणं’ असंच म्हटलं जाई.

ऑरेगॉनमध्ये ती १९०२ ची यंत्रणा आजही चालू आहे. १९९८ मध्ये लोकांनी सह्या गोळा करून तिच्याच जोरावर कायदा केला आणि राज्याच्या निवडणुका टपालानं होऊ लागल्या. आता मतपत्रिका घरी येते. पुस्तिका वाचत, हवा तितका वेळ घेऊन ती भरता येते. मग पाकिटावर सही करायची, ती सही नोंदीशी ताडून पाहिली जाते. फक्त १८८८ मध्ये मोठ्या खटपटीनं मिळवलेला तो सरकारी आडोसा आता नाही. मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर, घरच्यांच्या समोर भरली जाते.